पूजेला बसलेला कीबोर्ड

वस्तू घरात आली की खोकं उघडायचा मान माझा. मिक्सर असो, पंखा असो, मुलाच्या, सोमनाथच्या लग्नात आहेर आलेलं भिंतीवरचं घड्याळ असो, कात्री घेऊन मी पुंजारामच बसणार. सातपूरच्या कारखान्यात मशिनीपुढे उभं राहून हयात गेली माझी, मला कोण शिकवणार? म्हणून श्रावणात आमच्या सुनेने, स्नेहलने, कॉम्प्युटरसाठी नवा कीबोर्ड मागवला तेव्हा तिने खोकं मुकाट्याने माझ्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः चहा टाकायला गेली. सून शहाणी आहे, हे मी पहिल्यापासून म्हणतो.

कीबोर्ड काळाभोर, पाटीसारखा सपाट, आणि त्याला वायरच नव्हती. खोक्यावर ‘मल्टिमीडिया’ असं लिहिलेलं. म्हणजे काय, तर नेहमीच्या बटणांच्या वर गोल बटणांची एक वेगळी रांग होती. एक गाणं सुरू करायचं, दोन आवाज कमी-जास्त करायची, एक आवाज पार बंद करायचं, एक कॅल्क्युलेटरचं आणि सगळ्यात शेवटी चंद्रकोरीचं. सोबत माहितीपत्रक होतं. त्यात जगातल्या सगळ्या भाषा होत्या, मराठी तेवढी नव्हती. मी ते घडी घालून खिडकीच्या फटीत बसवलं, कारण ती खिडकी वाऱ्याने वाजते.

मग सेल घातले. एकाचं डोकं वर, एकाचं खाली. इथवर ठीक. पण कॉम्प्युटरला मागे खोचायचा तो नखाएवढा रिसीव्हर काही सापडेना. खोकं पालथं केलं, सोफ्याच्या गाद्या उचलल्या, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आमची बायको साळूबाई समोरच अडकित्त्याने सुपारी कातरत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "सेलाच्या झाकणात बगा की. तुमीच मगाशी त्याच्यावर झाकण लावलं."

तिथेच होता. "तेच बघत होतो," मी म्हणालो.

रिसीव्हर खोचला, बटणं दाबली, तरी ढिम्म. पुन्हा कंपनीचा उद्धार सुरू झाला. तेवढ्यात स्नेहल आली, एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने तिने कीबोर्ड उलटा केला, पोटाखालचा बारका खटका सरकवला आणि निघून गेली. हिरवा दिवा लागला. कीबोर्ड जोडला मात्र मीच, हे घरात सगळ्यांना मान्य आहे.

स्नेहलचं कामच तसलं. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. साळूबाई हेच काम लग्न झाल्यापासून फुकट करत आली आहे, पण ते असो.

आमचं घर इंदिरानगरात. कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत, देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मधे एक भिंत. हा कीबोर्ड भिंतीपलीकडूनही चालतो, हा शोध माझा. मग काय, माकडाच्या हातात कोलीत. साळूबाई खोलीत केर काढायला गेली की मी ओट्यापाशी उभा राहून गाण्याचं बटण दाबायचो. आत आपोआप भजन सुरू व्हायचं आणि ती केरसुणी घेऊन बाहेर पळायची. दोन-तीनदा पळाली. मग तिने मला कीबोर्डासकट पकडलं. तेव्हा मी तिला एकेक बटण दाखवून सगळं समजावून सांगितलं, आणि वर म्हणालो, "तुझ्या डोक्याबाहेरचं आहे हे."

"मला मेलीला काय कळतंय," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

ती देवळात गेली की मी ढोलकीची गाणी लावायचो. आम्ही मूळचे सायखेड्याचे. जत्रेतला तमाशा चोरून बघितल्याबद्दल साळूबाईने मला नव्या नवरीपणी चार दिवस अबोल्याची शिक्षा दिली होती, म्हणून या वयातही ते चोरूनच.

असं सगळं मजेत चाललेलं असताना नवरात्रात स्नेहलने जेवताना विषय काढला. नवमीला सकाळी तिची मुलाखत होती, इथूनच, कॉम्प्युटरवर. नव्या नोकरीची.

"कंपनी कुठली?" मी विचारलं.

"हैदराबादची."

साळूबाईचा भाकरी वाढणारा हात तसाच थांबला. सोमनाथने ताटातून मान वर काढली नाही. मी विचारलं, "म्हणजे मग पुढं कसं, काय?" तर स्नेहल हसली आणि सासूकडे बघून म्हणाली, "आईच सांगतात ना, काम होईस्तोवर तोंडातून काढू नये, नजर लागते. झालं की सांगते."

साळूबाईचाच नियम, तो तिच्यावरच उलटला. तिला पुढे विचारताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गॅलरीत चहा पीत बसलो. मला भीती वाटत होती, उगाच कशाला लपवू? सून हैदराबादला गेली की पोरगाही तिकडेच नोकरी बघणार. इथे उरणार कोण, तर मी, साळूबाई आणि भिंतीवरचं घड्याळ. स्नेहल घरात आल्यापासून घरात बोलणं असतं. ती मला ‘बाबा, खोकं आलंय’ म्हणून हाक मारते. आता खोकी हैदराबादला उघडणार. साळूबाई एवढंच म्हणाली, "देवीच्या मनात आसंल तसं हुईल." मला वाटलं, बाईने देवावर सोडलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. जो ज्यावर पोट भरतो ते त्याने पूजेला द्यायचं. पाटावर लाल कापड टाकून साळूबाईने विळी, अडकित्ता, माझा पाना-पक्कड, सोमनाथचा टेस्टर मांडला आणि खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "पोरी, तुजं हत्यार दे."

स्नेहल साडी नेसून तयारच होती. तिने कीबोर्ड उचलून दिला. "घ्या, आई. मला आज नुसतं बोलायचंय, माउसवर भागेल." मग मला हळूच म्हणाली, "बाबा, तेवढे सेल काढून ठेवा हं."

मी सेल काढले आणि डबीत टाकले. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, हा आमचा कुळाचार. त्यामुळे सगळं आधीच नीट करावं लागतं. मी आंघोळ करून येतो तर साळूबाई सेल परत घालून झाकण लावत होती.

"अगं, काय करतेस?"

"पोट रिकामं ठिवून पूजा करत्यात व्हय? भंगलेली मूर्ती पुजतो का आपण? मग भंगलेलं हत्यार कसं पुजायचं?"

शास्त्रात मी तिच्याशी वाद घालत नाही. तिने कीबोर्ड पाटाच्या मधोमध ठेवला, हळदी-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, खालच्या लांब पट्टीपाशी झेंडूचं फूल आणि बाजूला नारळ. दिसत मात्र झोकात होता.

अकरा वाजता स्नेहलने खोलीचं दार लावलं. मी हॉलमध्ये पेपर उघडून बसलो, कान दाराकडे. आधी नमस्कार-चमत्कार झाले, मग तिचं इंग्रजी सुरू झालं. ऐकायला छान वाटत होतं. आणि मधेच खोलीतून खणखणीत ढोलकी वाजायला लागली.

माझीच गाणी! आदल्या संध्याकाळी अर्धी ऐकून ठेवलेली. मी पेपर तोंडावर घेतला. खोलीत ‘सॉरी, सॉरी’ झालं, ढोलकी बंद पडली. बोलणं पुन्हा रुळावर येतंय तोच स्नेहल म्हणायला लागली, "हॅलो, तुमचा आवाज येत नाहीये. हॅलो?" तो घोळ निस्तरला तर थोड्या वेळाने तिचा पुटपुटलेला आवाज आला, "हा कॅल्क्युलेटर कुठून उघडला?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं, ढोलकीपायी मी गप्प बसलो होतो. पण कॅल्क्युलेटर ऐकल्यावर डोक्यात उजेड पडला. कीबोर्ड! त्यावर फूल पडलं असणार, नाहीतर नारळ कलंडला असणार. मी अनवाणी पावलांनी स्वयंपाकघरात गेलो.

नारळ जागेवर होता. फूलही होतं. पाटासमोर मांडी घालून साळूबाई बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर करंडा, करंगळीशेजारचं बोट कुंकवाने लाल.

"काय चाललंय?" मी कुजबुजलो.

"पूजा."

"पूजा सकाळीच झाली."

"माझं मन नाय भरलं."

मी वाकून बघितलं. सकाळचं कुंकू कडेच्या चौकटीवर होतं. ताजा ठिपका गाण्याच्या बटणावर होता, आवाज बंद करायच्या बटणावर होता आणि कॅल्क्युलेटरच्या बटणावर होता. बाकी सगळी बटणं कोरी करकरीत.

"साळू, तू सेल मुद्दाम घातलेस."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. पण माझ्याकडे बघेना. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "ती गेली म्हंजी गेली. सोमनाथ बी तिच्यामागं जाईल. सणासुदीला पाव्हण्यावानी येतील. आवो, आपल्या पोरानं कधी भाकरी आवडली म्हणून सांगितलं नाय, ती रोज मागून खाती. लय लळा लावला तिनं. एक डाव नापास झाली तर काय मरत नाय ती."

मी घरातला कर्ता माणूस. तिथल्या तिथे सेल काढून तिला चार शब्द सुनवायला हवे होते. पण खोडी काढायची हुक्की माझ्या रक्तातच आहे, तिला मी तरी काय करणार? मी तिच्याशेजारी मांडी घातली आणि म्हणालो, "चंद्राचं राहिलं."

"त्यानं काम्पुटर निजतो."

"तुला कसं माहीत?"

"तुमीच तर शिकवलं. मला वाटलं, तुमी इसरले का काय."

तिने बोट करंड्यात बुडवलं. तेवढ्यात खोलीतून स्नेहलचा आवाज चढला. आता ती हिंदीत बोलत होती, आणि टीव्हीच्या कृपेने हिंदी आम्हाला चांगलं समजतं. ती सांगत होती, "हैदराबादला यावं लागणार असतं तर मी अर्जच केला नसता, सर. आत्ताची कंपनी दिवाळीनंतर पुण्याला येऊन राहा म्हणतेय. तुमचं काम घरी बसून करता येतं, म्हणून तर मी आले. मला नाशिक सोडायचं नाहीये. घरी माझे सासू-सासरे आहेत."

साळूबाईने माझ्याकडे बघितलं. मी साळूबाईकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी खाली बघितलं. बोट चंद्रावर टेकलेलं होतं.

"हॅलो?" खोलीतून आवाज आला. "अरे, हे काय झालं? हॅलो!"

आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. साळूबाईचा चेहरा पांढराफटक. "उठवा त्याला!" ती म्हणाली. मी हाताला लागेल ते बटण दाबलं. खोलीतून कॉम्प्युटर उठल्याची किणकिण ऐकू आली. पण साळूबाईला वाटलं, दिवा ज्या बटणाने बंद होतो त्यानेच चालू होतो. तिने परत चंद्र दाबला. तो उठता उठता पुन्हा झोपला.

"हात काढ!"

"तुमी काढा!"

मी एक दाबतोय, ती दुसरं दाबतेय. आत बिचारा कॉम्प्युटर उठतोय आणि आडवा होतोय. झेंडू विस्कटला, अर्ध्या अक्षता कढईत गेल्या, नारळ गडगडत सिलिंडरपाशी पोचला. शेवटी साळूबाईनेच कीबोर्ड पाटावरून उचलला. दसऱ्याच्या आधी हत्याराला कुणी बोट लावलं तर घर डोक्यावर घेणारी ही बाई! तिने तो पालथा केला, झाकण उघडलं आणि दोन्ही सेल उपसून माझ्या हातावर ठेवले. "देवी मला बगून घील," ती म्हणाली. "आदी पोरीचं निस्तरू दे."

स्नेहलने मशीनचंच बटण दाबून कॉम्प्युटर उठवला असणार, कारण थोड्या वेळाने तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे होतो. साळूबाई देवीला काय काय कबूल करत होती, ओटी, साडी, पाच सवाष्णी, आकडा वाढतच होता. खोलीत स्नेहल बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होती. मग कॉम्प्युटरमधली माणसं हसली. एक बाई तर खो खो हसली. आमच्या सुनेला कुणी हसतंय, हे ऐकून साळूबाईचे डोळे भरून आले. मलाही स्वतःचा राग आला, आणि राग आला की मी बोलतो, पण बोलायला तोंड नव्हतं.

दार उघडलं. स्नेहल थेट स्वयंपाकघरात आली. विस्कटलेला पाट, माझ्या हातातले सेल, सासूचं लाल बोट आणि माझं त्याहून लाल झालेलं तोंड तिने बघून घेतलं.

"मीच," मी म्हणालो. "नारळ कलंडला गं."

"बाबा, नारळाने आधी गाणं लावलं, मग आवाज बंद केला, मग कॅल्क्युलेटर उघडला आणि मग झोपवलं?" ती म्हणाली. "मधलं एकही बटण न दाबता?"

चुका शोधण्याचा पगार घेते ती. साळूबाईने पदर तोंडाला लावला. "पोरी, मीच दाबलं. मला वाटलं तू चालली हैदराबादला. गेलं का काम हातचं?"

"माहीत नाही. त्यांनी विचारलं, घरून काम करताना असे प्रकार झाले तर काय करणार? मी म्हटलं, आधी कारण शोधणार. आणि कारण मला कळलंय. माझा कीबोर्ड पलीकडच्या खोलीत पूजेला बसलाय, आणि कुणीतरी नेमकी माहिती असलेली बटणं निवडून दाबतंय."

"मग हसले कशापायी?"

"त्यांनी विचारलं, कोण? मी म्हटलं, माझ्या सासूबाई. मी जाऊ नये म्हणून."

साळूबाईने तोंडावरचा पदर काढला. "तुला ठावं व्हतं? मग बाहीर येऊन वरडायचं न्हाय का माझ्यावर?"

स्नेहल खाली बसली आणि सांडलेल्या अक्षता गोळा करायला लागली. "लग्नात मला निरोप द्यायला सगळा मांडव आला होता, आई," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते, सुखाने जा. जाऊ नको म्हणून खोडी काढणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं."

साळूबाईने तिला जवळ घेतलं. कुंकवाचं बोट तिच्या नव्या साडीच्या खांद्याला लागलं, तो डाग अजून निघालेला नाही. मी सिलिंडरमागून नारळ काढायला गेलो आणि तिथेच जरा वेळ थांबलो, कारण मलाही डोळे पुसायचे होते.

"आणि बाबा," मागून स्नेहलचा आवाज आला, "ढोलकी कुणाची होती?"

नारळ घेऊन मी हॉलमध्ये सटकलो.

कोजागरीच्या दिवशी फोन आला. काम झालं होतं. सवाष्णींचा आकडा शेवटी अकरावर गेला होता, म्हणून अकरा बायका जेवून गेल्या, आणि वाढायला मला जुंपलं. स्नेहलने स्वतःसाठी साधा वायरवाला कीबोर्ड आणला. त्याचं खोकं मीच उघडलं, खटका वगैरे काही नसल्यामुळे तो एका झटक्यात जोडला. मल्टिमीडिया कीबोर्ड तिने साळूबाईला देऊन टाकला. म्हणाली, "ज्याचं हत्यार त्याच्याकडे."

आता तो ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. रिसीव्हर स्नेहलने कॉम्प्युटरला तसाच ठेवलाय. चंद्रकोरीच्या बटणावर साळूबाईने जाड चिकटपट्टी लावली आहे, माझा हात जाऊ नये म्हणून. स्नेहलची मीटिंग असली की ती सकाळीच त्यातले दोन्ही सेल काढून सासूच्या हातात देते, मीटिंग संपेपर्यंत ते साळूबाईच्या करंड्यात राहतात. मग दुपारी तव्यावरची पहिली भाकरी फुगली की साळूबाई सेल घालते, पिठाच्या बोटाने एक बटण दाबते, खोलीत ढोलकी वाजते आणि स्नेहल जेवायला बाहेर येते.